विश्लेषण : बुडत्या जहाजातून निगेटिव्ह वाचवणारे फ्रँक हर्ली कोण होते? त्यांच्याच छायाचित्रांवरून वाद का झाला?

मार्च २०२२ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळाशी, ३००८ मीटर खोलीवर, 'एन्ड्युरन्स' हे लाकडी जहाज सापडले. पाण्याखालच्या कॅमेऱ्याने पाठवलेल्या चित्रांत जहाजाच्या मागच्या बाजूवरचे नाव आणि त्याखालचा पाच टोकांचा तारा स्पष्ट दिसत होता. हे जहाज जगभरातल्या अनेकांनी पाहताक्षणी ओळखले. कारण ते बुडताना कसे दिसत होते, हे शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाने टिपून ठेवले होते. फ्रँक हर्ली हे त्या छायाचित्रकाराचे नाव. ती चित्रे वाचावीत म्हणून ते गोठत्या पाण्यात उतरले, आणि मग त्यांतली बरीचशी त्यांनी स्वतःच्या हाताने फोडून टाकली. हर्ली आजही चर्चेत का येतात, हे समजून घ्यायचे तर त्या काळात असल्या मोहिमांवर कॅमेरा का नेला जाई, इथपासून सुरुवात करावी लागते.

शर्यतीत कॅमेरामन कशासाठी?

डोंगर, वाळवंट, जंगल तुडवत दिवसचे दिवस चालणाऱ्या साहस शर्यती आज आपण मोबाइलवर पाहतो. अशा शर्यतीचे चित्रीकरण करणाऱ्याला स्पर्धकांच्या पुढे पळावे लागते, थांबून चित्रीकरण करावे लागते आणि ते पुढे निघून गेले की पुन्हा त्यांना गाठावे लागते. स्पर्धकाच्या पाठीवर त्याचे सामान असते, कॅमेरामनच्या पाठीवर त्याचे सामान अधिक कॅमेरा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी सर्वात मोठी शर्यत दक्षिण ध्रुवाची होती आणि तिथेही हेच गणित होते.

ती शर्यत नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेन यांनी १४ डिसेंबर १९११ रोजी जिंकली. ब्रिटनचे रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी ध्रुवावर पोहोचले आणि परतताना साथीदारांसह मरण पावले. स्कॉट यांच्याबरोबर हर्बर्ट पॉन्टिंग हे व्यावसायिक छायाचित्रकार होते. मात्र त्यांची अवजड सामग्री ध्रुवापर्यंत नेणे शक्य नव्हते, ते किनाऱ्यालगतच्या तळाजवळच राहिले. ध्रुवावर पोहोचलेल्या पाच जणांचे ते प्रसिद्ध, खिन्न छायाचित्र त्यांच्यातल्याच हेन्री बॉवर्स यांनी कॅमेऱ्याला दोरी बांधून, ती स्वतःच ओढून घेतले. म्हणजे जगातल्या सर्वात गाजलेल्या शर्यतीचा शेवट ना ब्रिटिश चलच्चित्र-कॅमेऱ्याने पाहिला, ना त्यामागे कोणी छायाचित्रकार उभा होता.

मोहिमांना कॅमेरा हवा होता तो मुख्यतः पैशांसाठी. जहाज, कोळसा, कुत्रे, दोन-तीन वर्षांचे अन्न याचा खर्च देणग्यांतून भागत नसे. परतल्यावर पुस्तक, व्याख्याने आणि चित्रपट यांतून कर्ज फेडायचे, असा हिशेब असे. अर्नेस्ट शॅकल्टन यांनी तर १९१४ मध्ये निघण्यापूर्वीच मोहिमेच्या चित्रपटाचे हक्क विकून पैसा उभा केला होता. चित्रण हे मोहिमेचे तारण होते. हर्लींच्या कहाणीतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा या एका बाबीने होतो.

हर्ली या क्षेत्रात आले कसे?

जेम्स फ्रान्सिस हर्ली यांचा जन्म १५ ऑक्टोबर १८८५ रोजी ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या ग्लीब या भागात झाला. वडील छापखान्यात कामाला होते आणि कामगार संघटनेत सक्रिय होते. मुलगा तेराव्या वर्षी घरातून पळाला आणि लिथगोच्या लोखंड कारखान्यात कामाला लागला. धातू कापणे, वाकवणे, झाळणे ही कामे तो तरुणपणीच शिकला. पुढे बर्फात हे कसब कॅमेऱ्याइतकेच उपयोगी पडणार होते.

पहिला कॅमेरा त्यांनी हप्त्याने घेतला. कोडॅकचा साधा पेटी कॅमेरा, किंमत १५ शिलिंग, आठवड्याला एक शिलिंग. १९०५ मध्ये ते सिडनीतल्या पोस्टकार्डांच्या धंद्यात भागीदार झाले. पोस्टकार्डांची तेव्हा लाट होती आणि बाजारात उठून दिसायचे तर चित्र थरारक हवे. हर्ली धावत्या आगगाडीसमोर रुळांवर उभे राहून, फुटणाऱ्या लाटांच्या अगदी जवळ जाऊन छायाचित्रे घेऊ लागले. नाव झाले, पण धंदा कर्जात गेला.

त्याच सुमारास भूगर्भशास्त्रज्ञ डग्लस मॉसन अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी माणसे शोधत होते. मॉसन ज्या आगगाडीने जाणार होते तिच्यात, त्यांच्याच डब्यात हर्लींनी जागा मिळवली आणि प्रवासभर आपणच या कामाला कसे योग्य आहोत हे पटवले, असे सांगितले जाते. १९११ च्या अखेरीस हर्ली दक्षिणेकडे निघाले. वय २६.

वाऱ्याच्या मुलखातली पहिली परीक्षा

मॉसन यांचा तळ पडला तो केप डेनिसनला. समुद्रसपाटीवरच्या सर्वाधिक वाऱ्याच्या ठिकाणांत त्याची गणना होते. तिथे वर्षभराची सरासरीच ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. अशा वाऱ्यात माणसे पुढे झुकून, जवळजवळ आडवी होऊन चालत. तिपाई उभी राहत नसे. हर्लींनी तिथे जे चित्रित केले त्याचा 'होम ऑफ द ब्लिझर्ड' हा चित्रपट १९१३ मध्ये झळकला. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला तेही हेच वर्ष. दोघांचेही कॅमेरे हाताने हँडल फिरवून चालवायचे होते. सेकंदाला साधारण दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चौकटी. लय चुकली की पडद्यावरची माणसे धावू लागत. नाशिककर फाळक्यांनी हे हँडल उन्हात फिरवले, हर्लींनी बर्फाळ वाऱ्यात, एवढाच काय तो फरक. पण तो फार मोठा होता.

थंडीत कॅमेऱ्यातले वंगण घट्ट होते आणि यंत्र अडकते. फिल्म ठिसूळ होऊन तुटते. उघड्या बोटांनी धातूला हात लावला की कातडी चिकटते आणि हातमोजे घालून बारीक स्क्रू फिरवता येत नाहीत. बाहेरून उबदार खोलीत कॅमेरा आणला की भिंगावर दव धरते. हे सगळे हर्ली इथे शिकले.

ते नुसते तळावर बसून राहिले नाहीत. १९१२ च्या नोव्हेंबरमध्ये बेज आणि वेब या दोघांसह ते स्लेज ओढत दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या दिशेने सुमारे ४८० किलोमीटर आत गेले. परतताना वाटेतला अन्नाचा साठा त्यांना सापडला नाही. अर्धपोटी अवस्थेत ते तळावर पोहोचले. त्याच मोसमात दुसऱ्या दिशेला गेलेल्या मॉसन यांचे दोन्ही साथीदार मरण पावले आणि ते एकटे परतले, तेव्हा जहाज नुकतेच निघून गेले होते. १९१३ च्या अखेरीस त्यांना आणायला जे जहाज गेले, त्यावर हर्ली होते.

'एन्ड्युरन्स'वर नेमके काय घडले?

ध्रुव गाठून झाला होता. आता उरलेला विक्रम म्हणजे अंटार्क्टिका खंड एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत पायी ओलांडायचा, सुमारे २९०० किलोमीटर. शॅकल्टन यांनी तो मनावर घेतला. हर्लींचे मॉसन मोहिमेतले काम पाहून त्यांना बोलावणे आले. ब्युनोस आयर्सला ते जहाजावर चढले. ५ डिसेंबर १९१४ रोजी 'एन्ड्युरन्स'ने साउथ जॉर्जिया बेट सोडले. जहाजावर २८ माणसे होती. दीड महिन्यातच, किनारा आवाक्यात आला असे वाटत असताना, बर्फाने जहाजाला वेढले. १९१५ च्या जानेवारीत ते अडकले ते कायमचेच.

पुढचे नऊ महिने जहाज बर्फाबरोबर वाहत राहिले. मोहीम थांबली होती, पण हर्लींचे काम थांबले नव्हते, उलट वाढले होते. डोलकाठीच्या आडव्या वाशाच्या टोकापर्यंत चढून ते चित्रीकरण करत. कुत्र्यांच्या स्लेज, बर्फ फोडून वाट काढण्याचे प्रयत्न, जमिनीवर खेळावा तसा बर्फावर रंगलेला फुटबॉल, हे सारे त्यांच्या रिळांत आले. पॅजेट नावाच्या तेव्हाच्या पद्धतीने त्यांनी रंगीत छायाचित्रेही घेतली. प्लेटी धुवायला पाणी हवे, ते बर्फ वितळवून मिळवायचे. सतत थंड पाण्यात राहून त्यांच्या बोटांना नखांभोवती भेगा पडत.

या काळातले सर्वात प्रसिद्ध चित्र २७ ऑगस्ट १९१५ च्या रात्रीचे आहे. ध्रुवीय काळोखात पांढरेशुभ्र उभे असलेले जहाज, दोरखंडावर गोठलेल्या बर्फामुळे एखाद्या भुतासारखे. त्यासाठी हर्लींनी जहाजाभोवती बर्फाच्या उंचवट्यांआड सुमारे वीस ठिकाणी फ्लॅशच्या दारूचे बार ठेवले आणि ते उडवले. लखलखाटाने त्यांचे डोळे दिपले आणि ते अंधारात ठेचकाळत पडले. हे चित्र पाहणाऱ्याला शांत, स्थिर वाटते. ते घेताना काय गोंधळ उडाला असेल, याचा त्यात मागमूस नाही.

ऑक्टोबरमध्ये बर्फाचा दाब असह्य झाला. फळ्या मोडू लागल्या. २७ ऑक्टोबर रोजी सर्वांनी जहाज सोडले आणि बर्फावर तंबू ठोकले. हर्लींनी चलच्चित्र-कॅमेरा जहाजासमोर रोखून ठेवला होता. डोलकाठ्या कोसळल्या तेव्हा ते हँडल फिरवत होते. एका जहाजाचा मृत्यू तो घडत असताना फिल्मवर आला, तो असा.

निगेटिव्ह वाचवल्या, मग फोडल्या का?

जहाज सोडताना घाई इतकी होती की निगेटिव्ह आतच राहिल्या. त्या जस्ताच्या पत्र्याचे अस्तर असलेल्या, झाळून बंद केलेल्या डब्यांत होत्या आणि ते डबे आता पाण्याखाली होते. जहाज अजून पूर्ण बुडाले नव्हते, बर्फाने ते कसेबसे धरून ठेवले होते. ते कधी खाली जाईल याचा नेम नव्हता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हर्ली परत आत गेले. लाकडी भिंती फोडून वाट केली, कमरेपर्यंतचे कपडे काढले आणि बर्फाचा चिखल झालेल्या चार फूट पाण्यात बुडी मारून ते डबे बाहेर काढले. डबे फुटले नव्हते. निगेटिव्ह कोरड्या होत्या. लिथगोच्या कारखान्यात हाताला लागलेले झाळकाम इथे कामी आले, असे म्हणायला हरकत नाही.

पण खरी अडचण यानंतरची होती. आता सगळ्यांना बर्फावरून चालत, होड्या ओढत, कधी तरी त्या समुद्रात लोटून जमीन गाठायची होती. शॅकल्टन यांनी प्रत्येकाला खासगी सामानासाठी दोन पौंड, म्हणजे जेमतेम ९०० ग्रॅमची मर्यादा घातली होती. स्वतःजवळची सोन्याची नाणी त्यांनी सगळ्यांसमोर बर्फावर टाकून दिली. काचेच्या शेकडो प्लेटी अशा प्रवासात नेणे म्हणजे वेडेपणाच. दुसरीकडे, याच प्लेटींवर मोहिमेचे कर्ज उभे होते. अन्न आणि कातडी पिशव्या मोजून घ्यायच्या तिथे काचेला जागा द्यायची ती किती?

९ नोव्हेंबर रोजी हर्ली आणि शॅकल्टन बर्फावर शेजारी शेजारी बसले आणि त्यांनी एकेक प्लेट पाहायला घेतली. ठेवायची ती एका बाजूला. नको ती हर्ली तिथेच फोडत. फोडायचे कारण साधे होते. नुसती टाकून दिली तर रात्री मन बदलेल, परत उचलून आणण्याचा मोह होईल. फुटलेल्या काचेबाबत तो प्रश्न उरत नाही. दिवसअखेर १२० निगेटिव्ह राहिल्या आणि सुमारे ४०० बर्फावर तुकडे होऊन पडल्या. राहिलेल्या हर्लींनी पुन्हा डब्यात घालून झाळून बंद केल्या. चित्रपटाची धुतलेली रिळे आणि छापील छायाचित्रांचा अल्बम बरोबर घेतला. सगळे मोठे कॅमेरे, चलच्चित्र-कॅमेऱ्यासह, तिथेच सोडले. जवळ उरला एक खिशात मावणारा कोडॅक आणि फिल्मचे तीन रोल.

आपण आज एका सहलीत हजार फोटो काढतो आणि त्यातला एक पुसताना दहा वेळा विचार करतो. हर्लींनी एका दिवसात वर्षभराच्या कामाचा मोठा हिस्सा पुसला, तोही हातोहात. त्या फुटलेल्या चारशेंत काय होते, हे कोणालाच कळणार नाही. जी १२० राहिली ती बहुतेक देखणी, नाट्यमय आहेत. साहजिकच आहे, ती निवडताना विक्रीचा विचार होता. मोहिमेचा आपण जो चेहरा ओळखतो, तो असा निवडलेला चेहरा आहे.

२१ नोव्हेंबरला 'एन्ड्युरन्स' बुडाले.

तीन रोलवर आठ-नऊ महिने

पुढचा साडेचार महिने मुक्काम वाहत्या बर्फावर. हर्लींनी जहाजाच्या भंगारातून चरबीवर चालणारी शेगडी बनवली आणि होडीसाठी पाणी उपसायचा पंप तयार केला. या दोन वस्तूंनी किती जीव वाचवले, हे मोजता येणार नाही. अन्न कमी पडू लागले तेव्हा कुत्र्यांना गोळ्या घालाव्या लागल्या. हर्ली स्वतः कुत्र्यांची एक स्लेज चालवत. ज्यांना त्यांनी इतके महिने कॅमेऱ्यातून पाहिले, तीही त्यात गेली.

एप्रिल १९१६ मध्ये बर्फ फुटला. तीन होड्यांतून सहा-सात दिवसांचा भिजका, जागरणाचा प्रवास करून सगळे एलिफंट बेटावर पोहोचले. घट्ट जमिनीला पाय लागले ते ४९७ दिवसांनी. २४ एप्रिल रोजी शॅकल्टन पाच जणांसह 'जेम्स केअर्ड' या होडीतून मदत आणायला साउथ जॉर्जियाकडे निघाले, सुमारे १३०० किलोमीटर दूर. मागे २२ माणसे राहिली. उरलेल्या दोन होड्या उलट्या घालून त्याखाली त्यांनी चार महिने काढले. एका तरुण खलाशाच्या हिमदंशाने मेलेल्या पायाची बोटे कापावी लागली, तेव्हा क्लोरोफॉर्मची वाफ व्हावी इतकी ऊब हवी होती. त्यासाठी हर्ली शेगडीत पेंग्विनची कातडी घालत राहिले. त्यांच्या छोट्या कॅमेऱ्यातली चित्रे या काळातली आहेत. काजळीने काळी झालेली माणसे रांगेत बसली आहेत, असा एक गटफोटो त्यात आहे. तो सुबक नाही, धूसर आहे. मला विचाराल तर हर्लींच्या सगळ्या कामात तोच सर्वात खरा वाटतो.

३० ऑगस्ट १९१६ रोजी चिली देशाच्या 'येल्चो' या लहान जहाजातून शॅकल्टन परतले. कॅप्टन होते लुइस पार्दो. बेटावरच्या २२ पैकी एकही माणूस दगावला नव्हता. बेटावरून निघताना हर्लींबरोबर झाळलेले डबेही होते.

चित्रपटाने कर्ज फेडले का?

लंडनला पोहोचल्यावर चित्रपट तयार करायचा तर एक अडचण उघड होती. जहाज बुडाल्यानंतरचे काहीच चलच्चित्रात नव्हते. कॅमेरा समुद्राच्या तळाशी गेला होता. म्हणून १९१७ मध्ये हर्लींना पुन्हा साउथ जॉर्जियाला पाठवले गेले आणि तिथे त्यांनी पेंग्विन, सील यांचे चित्रीकरण केले. 'साउथ' या चित्रपटाचा उत्तरार्ध या प्राण्यांनी भरलेला आहे. माणसांच्या जिवावर बेतलेल्या महिन्यांच्या जागी पडद्यावर गमतीशीर पेंग्विन येतात, हे आज पाहताना विचित्र वाटते. प्रेक्षकांना मात्र ते आवडले.

१९१९ च्या अखेरीपासून १९२० च्या मेपर्यंत लंडनच्या एका सभागृहात शॅकल्टन या चित्रपटाबरोबर स्वतः बोलत. आठवड्यात सहा दिवस, दिवसातून दोनदा. म्हणजे आपल्या जहाजाच्या डोलकाठ्या कोसळताना त्यांनी दिवसातून दोनदा पाहिल्या, देणेकऱ्यांसाठी. १९२२ मध्ये ते साउथ जॉर्जियाजवळ जहाजावर हृदयविकाराने गेले, तेव्हाही डोक्यावर कर्ज होतेच.

मग वाद कशाचा?

१९१७ च्या ऑगस्टमध्ये हर्ली ऑस्ट्रेलियन सैन्याचे अधिकृत छायाचित्रकार म्हणून बेल्जियममधल्या आघाडीवर पोहोचले. मानद कॅप्टनचा दर्जा होता. पासेनडेलच्या चिखलातली त्यांची चित्रे पहिल्या महायुद्धाची ओळख बनली आहेत. तिथेच त्यांचे युद्ध-इतिहासकार चार्ल्स बीन यांच्याशी बिनसले.

हर्लींचे म्हणणे असे होते की, लढाई एका निगेटिव्हमध्ये मावतच नाही. सैनिक विखुरलेले असतात, तोफगोळा फुटतो तेव्हा पुढ्यात कोणी नसते, विमान येते तेव्हा धूर नसतो. कितीही वेळा जीव धोक्यात घातला तरी हाती येते ते रिकाम्या चिखलाचे चित्र. म्हणून त्यांनी वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एक चित्र बनवायला सुरुवात केली. सैनिक इथले, स्फोट तिथला, विमाने तिसरीकडची. एका भल्या मोठ्या चित्रासाठी त्यांनी बारा निगेटिव्ह जोडल्या. बीन यांच्या दृष्टीने ही सरळ खोटी चित्रे होती. जिथे माणसे खरोखर मेली, तिथला पुरावा सजवायचा नाही, असा त्यांचा आग्रह. प्रकरण हर्लींनी राजीनाम्याची धमकी देण्यापर्यंत गेले. शेवटी तडजोड झाली. १९१८ च्या लंडनमधल्या प्रदर्शनात अशी मोजकीच चित्रे, ती जोडचित्रे आहेत असे सांगून लावायची.

हा वाद युद्धापुरता असता तर तिथेच मिटला असता. पण संशोधकांनी हर्लींची ध्रुवीय चित्रेही तपासली. जहाजामागे जोडलेले आकाश, इकडचे तिकडे गेलेले ढग सापडले. सर्वात बोचरे उदाहरण एलिफंट बेटाचे आहे. किनाऱ्यावर उभी माणसे हात उंचावून निरोप देताहेत, समुद्रात होडी. हे २४ एप्रिलचे, शॅकल्टन निघाले त्या दिवसाचे चित्र. पुढे तेच सुटकेचे चित्र म्हणून जगापुढे आले, आणि मूळ निगेटिव्हवर एक होडी खरवडून काढल्याच्या खुणा आहेत. निरोपाचे हात स्वागताचे झाले.

हर्लींच्या बाजूने बोलायचे तर ते पोस्टकार्डांच्या धंद्यातून आले होते. तिथे चित्र म्हणजे विकायची वस्तू, आणि आकाश फिके आले तर दुसरे आकाश लावणे ही तेव्हाच्या कित्येक स्टुडिओंची रीत होती. पण सुटकेच्या चित्रासाठी ही सबब पुरत नाही. त्या दिवशी बेटावर २२ माणसे होती आणि मागे राहायचे म्हणजे काय, हे त्यातले हर्ली स्वतः जाणत होते. ज्याने बुडत्या जहाजात उतरून पुरावा वाचवला, त्यानेच तो बदलला. हा विरोधाभास त्यांचे चाहते सहसा झाकतात, टीकाकार सहसा पहिली अर्धी बाजू विसरतात.

उरलेली कारकीर्द

हर्ली स्वस्थ बसणारे नव्हतेच. पहिल्या महायुद्धात ते पॅलेस्टाइनला गेले आणि १९१८ मध्ये कैरोत एका तरुण ऑपेरा गायिकेशी त्यांनी जेमतेम काही दिवसांच्या ओळखीवर लग्न केले. १९१९ मध्ये इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया अशी विमानशर्यत झाली. ३० दिवसांच्या आत पोहोचणाऱ्या पहिल्या ऑस्ट्रेलियन चमूला १० हजार पौंडांचे बक्षीस होते. रॉस स्मिथ आणि त्यांच्या साथीदारांचे 'विमी' विमान दिल्ली, कलकत्ता असे थांबे घेत १० डिसेंबरला डार्विनला उतरले आणि शर्यत जिंकले. इतर चमूंतले चार जण अपघातांत मेले. विमान ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागातून सिडनीकडे निघाले तेव्हा हर्ली त्यात बसले. सिडनीचे आकाशातून घेतलेले त्यांचे चित्रण आणि स्मिथ यांचे निवेदन अशा चित्रपटाला गर्दी झाली. शर्यत संपल्यावर तिचा चित्रपट करण्याचे कौशल्य त्यांना 'साउथ'मध्येच साधले होते.

मग पापुआ. १९२० ते १९२३ दरम्यान त्यांनी तिथे केलेल्या प्रवासांतून 'पर्ल्स अँड सॅव्हेजेस' हा चित्रपट आला. दुसऱ्या खेपेला समुद्रविमाने नेली होती. चित्रपटाच्या नावातच पापुआतल्या लोकांकडे पाहायची दृष्टी दिसते. गावांतून वस्तू गोळा करताना जबरदस्ती झाल्याचे आरोप झाले, प्रशासनाने त्यांचा काही संग्रह अडवला आणि पुढे तिथे चित्रीकरणाची परवानगी नाकारली. हर्ली मग आपला कथापट चित्रित करायला शेजारच्या डच हद्दीत गेले.

१९२९ ते १९३१ मध्ये मॉसन यांच्याबरोबर पुन्हा अंटार्क्टिका. तिसाव्या दशकात सिडनीच्या स्टुडिओत बोलपटांचे कॅमेरामन. दुसऱ्या महायुद्धात, पंचावन्नाव्या वर्षी, मध्यपूर्वेत ऑस्ट्रेलियन चित्रपथकाचे प्रमुख. त्यांच्या हाताखालच्या डेमियन पॅरर या तरुण कॅमेरामनची शैली नेमकी उलट होती. सैनिकाच्या खांद्याला खांदा लावून, जे दिसेल तेच टिपायचे. पॅरर यांच्या चित्रणावरून बनलेल्या 'कोकोडा फ्रंट लाइन' या युद्धपटाला पुढे ऑस्कर मिळाले.

शेवटची वर्षे हर्ली मोटारीने देश पालथा घालून छायाचित्रांची पुस्तके आणि कॅलेंडरे काढत होते. म्हणजे फिरून पोस्टकार्डांच्याच जवळपास. १६ जानेवारी १९६२ रोजी सिडनीजवळच्या राहत्या घरी, ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

'एन्ड्युरन्स'च्या वाचलेल्या निगेटिव्ह आज लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत आहेत, रंगीत प्लेटी सिडनीच्या न्यू साउथ वेल्स राज्य ग्रंथालयात. 'साउथ' चित्रपट १९९८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा दाखवण्यात आला. त्यातली डोलकाठ्या कोसळण्याची दृश्ये हर्लींनी हँडल फिरवत टिपली तशीच आहेत, त्यांत काहीही जोडलेले नाही.